अर्धी भरलेली बरणी पाण्यात टाकण्याचा प्रयोग: आतल्या हिंदकळण्याचा परिणाम नेमका कसा मोजायचा

विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग बहुतेक वेळा असा केला जातो: एक रिकामी, एक अर्धी आणि एक काठोकाठ भरलेली बाटली हातातून बादलीत सोडायची, किती पाणी उडाले ते पाहायचे आणि तक्त्यावर लिहायचे, ‘आतले पाणी हिंदकळल्यामुळे धक्का कमी होतो’. यात हिंदकळण्याची तपासणी झालेलीच नसते. तिन्ही बाटल्यांचे वजन वेगळे असते, त्यामुळे दिसणारा फरक मुख्यतः वजनाचा असतो. शिवाय हातातून सोडताना बाटली तिरकी होते आणि आतले पाणी किती हलत होते याची कुठे नोंद नसते.

खाली दिलेला क्रम आठवी-नववीपासून पुढच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या मदतीने पाळता येईल असा आहे. वजन तेच, उंची तीच, भांडे तेच, फक्त आतल्या पाण्याची हालचाल वेगळी, एवढे एक जमले तर प्रयोगाला अर्थ आहे. सगळी खटपट त्यासाठीच करायची.

## १. काय मोजायचे ते आधी ठरवा

एक सरळ उभी, सपाट तळाची, एक लिटरची प्लास्टिक बरणी घेऊ. तळाचा व्यास ८ सेमी, झाकणासकट रिकामे वजन ६० ग्रॅम, आत ४०० ग्रॅम पाणी. एक मीटरवरून सोडली तर ती साधारण ०.४५ सेकंदात खाली पोचते आणि पाण्याला टेकताना तिचा वेग सेकंदाला ४.४ मीटर असतो.

सपाट तळ आदळला की तळाखालचे थोडे पाणीही एकदम बरणीबरोबर खाली ढकलले जाते. ते किती, याचा ढोबळ अंदाज काढता येतो: त्रिज्येचा घन, गुणिले पाण्याची घनता, गुणिले चार तृतीयांश. ४ सेमी त्रिज्येला हे सुमारे ८५ ग्रॅम येते. आता दोन टोकाच्या शक्यता पाहा.

आतले पाणी स्थिर आणि तळाला टेकलेले असेल तर ४६० ग्रॅम एकदम आदळतात. संवेगाच्या (वस्तुमान गुणिले वेग) हिशेबाने वेग ४.४ वरून ३.७ वर येतो.

आतले सगळे पाणी त्या क्षणी तळापासून सुटून वर गेलेले असेल तर पहिला मार फक्त ६० ग्रॅमच्या रिकाम्या कवचाला बसतो. त्याचा वेग ४.४ वरून एकदम १.८ च्या आसपास येतो. आतले पाणी मात्र अजून जुन्याच वेगाने खाली येत असते. ते काही मिलिसेकंदांनी तळावर आतून आदळते, म्हणजे धक्का दोन हप्त्यांत बसतो.

इथे लक्ष द्या, कारण निष्कर्ष बहुधा इथेच चुकतो. दुसऱ्या प्रकारात कवचाचा वेग जास्त घटला, म्हणजे कवचाला बसलेला झटका वाढला. पण बाहेरच्या पाण्याने दिलेला पहिला आवेग (धक्क्याने बदललेला एकूण संवेग) मोजला तर तो जवळजवळ निम्मा आहे: ८५ ग्रॅम पाण्याला ३.७ ऐवजी १.८ चाच वेग मिळाला. ‘धक्का वाढला’ आणि ‘धक्का कमी झाला’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी ठरतात, कारण ती दोन वेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. तुमच्या वहीत पहिल्याच पानावर लिहा: ‘आम्ही बरणीच्या कवचाचा आदळण्याआधीचा आणि लगेच नंतरचा वेग मोजणार आहोत.’ निष्कर्ष त्या शब्दांबाहेर जाऊ देऊ नका.

सावधान: बरणीत फोन ठेवून त्यातल्या त्वरणमापकाने जोर मोजायचा मोह टाळा. हा धक्का दोन-चार मिलिसेकंदांत संपतो आणि हलक्या कवचाचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या शंभरपटीच्या घरात जाऊ शकते. फोनमधला मापक त्याच्या खूप आधी अडतो. आलेख छान दिसतो, पण शिखर खोटे असते. शिवाय फोनच्या वजनाने सगळा हिशेब बदलतो तो वेगळाच.

## २. सामान

- एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या तीन पारदर्शक प्लास्टिक बरण्या, फिरकीच्या झाकणाच्या. काचेची बरणी अजिबात नको. शीतपेयाची बाटलीही नको: तिच्या तळाला पाच फुगीर पाकळ्या असतात आणि आदळणे दर वेळी वेगळे होते.
- २०० लिटरचे पिंप. ते साधारण ८८ सेमी उंच असते. काठाच्या २ सेमी खालपर्यंत भरा आणि आतून खूण करा.
- ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा.
- गोधडी शिवायचा जाड सुती दोरा, अगरबत्ती, तीन छोटे हूक, एम-सील.
- ओळंबा. गवंड्याकडचा मिळाला तर उत्तम, नाहीतर दोऱ्याला नट बांधा.
- सेकंदाला २४० फ्रेम घेणारा फोन आणि तो घट्ट धरणारा स्टँड.
- खायचा निळा किंवा लाल रंग, चायना ग्रासची पावडर, कोरडे फडके.

बादली का चालत नाही? ही बरणी एक मीटरवरून पडल्यावर चांगलीच खोल जाते. उथळ पाण्यात ती बुडाशी आपटते आणि मग तुम्ही पाण्याचा नव्हे, बादलीचा धक्का मोजता. माशांच्या काचेच्या टाकीत तर हा प्रयोग करूच नका.

सुरक्षितता: विहिरीवर किंवा उघड्या हौदावर हा प्रयोग करू नये. भरलेले पिंप लहान मुलांसाठी धोक्याचे असते, म्हणून मोठे माणूस कायम जवळ हवे आणि काम संपताच पिंपावर झाकण हवे. विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड पाण्याजवळ आणू नका.

## ३. तीन बरण्या तयार करणे

पहिली बरणी ‘स्थिर’, दुसरी ‘हिंदकळती’, तिसरी ‘गोठलेली’. खरे तर पहिल्या दोन कामांना एकच बरणी चालते, पण अदलाबदल करता आली तर बरणीतला दोष उघडा पडतो.

तिसरी बरणी बहुतेक जण वगळतात, आणि तुलना लंगडी पडते ती त्यामुळेच. तिचे वजन तेच हवे, आतला ऐवज त्याच उंचीपर्यंत हवा, पण तो हलता कामा नये. काही जण वाळू भरतात. वाळू पाण्यापेक्षा जड, म्हणजे तेवढ्याच वजनाला ती कमी उंची व्यापते, आणि आदळताना कण एकमेकांवर घासून स्वतःच झटका शोषतात. बर्फ वजनाला बरोबर येतो, पण गोठताना फुगून तळ बाहेर काढतो आणि बरणीला बाहेरून घाम येतो.

चायना ग्रास हा उत्तम पर्याय. ४०० ग्रॅम पाण्याला साधारण ४ ग्रॅम पावडर घाला, ढवळत उकळा आणि ती पूर्ण विरघळू द्या. मग थांबा. मिश्रण ५० अंशांच्या आसपास, म्हणजे भांड्याला हात लावून धरवेल इतके, निवल्यावरच बरणीत ओता. उकळते ओतले तर प्लास्टिक मऊ पडून तळ वाकडा होतो आणि बरणी वाया जाते. फार थांबलात तर भांड्यातच थिजते, कारण चायना ग्रास ४० अंशांच्या खाली जमू लागते. जमल्यावर बरणी आडवी करून पाहा: पृष्ठभाग जागचा हलायला नको.

प्रत्येक झाकणाच्या अगदी मध्यावर बाहेरून हूक ठेवून एम-सीलने बसवा आणि रात्रभर वाळू द्या. झाकणाला भोक पाडू नका. मग पाणी भरून, रंगाचे दोन थेंब टाकून, झाकण लावून वजन करा. तिन्ही बरण्यांचे एकूण वजन एक-दोन ग्रॅमच्या आत जुळले पाहिजे. कमी-जास्त असेल तर ड्रॉपरने पाणी घाला किंवा काढा. साबण किंवा मीठ टाकायचे नाही.

शेवटी प्रत्येक बरणीवर बाहेरून तीन खुणा करा: स्थिर पाण्याची पातळी, तिच्या ३ सेमी वर दुसरी रेघ, आणि वरच्या टोकाजवळ एक ठळक काळा ठिपका. याच ठिपक्याचा वेग आपण मोजणार. बरणीच्या अंगावर उभ्या ओळीत ५ सेमी अंतराने बारीक रेघाही मारा. मागच्या भिंतीवर लावलेली पट्टी मापाला वापरू नका, कारण ती कॅमेऱ्यापासून जास्त लांब असते आणि माप चुकीचे देते.

तपासणी: झाकण लावलेली बरणी उलटी करून मिनिटभर धरा. एक थेंबही गळता कामा नये.

## ४. टांगणी आणि कॅमेरा

टांगायला घट्ट जागा हवी. झोपाळ्याची कडी किंवा रंगाऱ्याच्या दोन घोड्यांवर आडवा बांधलेला बांबू चालेल. वरून येणारा भाग जाड सुतळीचा ठेवा आणि शेवटचे १० सेमी फक्त सुती दोऱ्याचे. बरणीच्या तळापासून पिंपातल्या पाण्यापर्यंत एक मीटर मोजा. झाकणापासून मोजलेले अंतर चालणार नाही. पहिली सरावाची पडणी अर्ध्या मीटरवरून करा.

फोन स्टँडवर, पिंपाच्या काठापेक्षा किंचित वर, दीड-दोन मीटर लांब. एकदा लावला की दिवसभर हलवायचा नाही. मागे ओळंबा चौकटीत दिसेल असा टांगा. प्रयोग दिवसा, उन्हात किंवा भरपूर उजेडात करा: घरातले दिवे विजेबरोबर सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात आणि संथ व्हिडिओत चित्र लुकलुकते.

आता एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. पिंप अपारदर्शक असल्याने तळ पाण्याला नेमका कधी टेकला ते व्हिडिओत दिसत नाही. म्हणून सुरुवातीला बरणी हाताने हळूच खाली आणा, तळ पाण्याला जेमतेम टेकला की तशीच धरा आणि दोन सेकंद चित्रण करा. त्या वेळी काळा ठिपका पडद्यावर ज्या उंचीला असतो ती ‘टेकण्याची रेघ’. पुढच्या प्रत्येक व्हिडिओत ठिपका त्या रेघेवर आला की तळ टेकला असे धरायचे.

तपासणी: गोठलेली बरणी एक मीटरवरून सोडून सुटण्यापासून टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा. २४० च्या वेगाला सुमारे १०८ यायला हव्यात. खूपच वेगळा आकडा आला तर फोन सांगतो तेवढ्या खऱ्या फ्रेम घेत नाही, मधल्या बनवतो. दुसरा फोन शोधा.

## ५. सोडण्याची रीत

प्रयोग जमतो किंवा फसतो तो इथे. त्यामागचे कारण कळले की पुढची काळजी आपोआप घेतली जाते.

बरणी टेबलावर असते तेव्हा आतली लाट गुरुत्वाकर्षणामुळे परत खाली येते. ८ सेमी व्यासाच्या बरणीत पाण्याचे सेकंदाला साधारण साडेतीन झोके होतात. पण बरणी मोकळी पडू लागली की ती आणि आतले पाणी एकाच त्वरणाने पडतात, आणि बरणीच्या दृष्टीने पाण्याला वजनच उरत नाही. लाटेला परत ओढणारे फारसे कुणी नाही. भिंतीजवळ फक्त १ सेमी उंचीची लाट असली तरी तिच्या पाण्याचा कमाल वेग सेकंदाला सुमारे २० सेमी असतो. त्या वेगाने पाणी ०.४५ सेकंदात ९ सेमी वर जाऊ शकते! डोळ्याला क्षुल्लक वाटणारी डुलकी खाली पोचेपर्यंत बरणीतले बरेच पाणी वर फेकू शकते.

म्हणून हाताने सोडलेली बरणी ‘स्थिर’ कधीच नसते.

स्थिर पाण्याची पडणी: बरणी टांगा, डोलणे हाताने शांत करा आणि किमान दोन मिनिटे थांबा. पाण्याच्या कडेवरची चमक हलायची थांबली की अगरबत्तीचे टोक दोऱ्याला लावा. दोरा जळून तुटतो, ओढ बसत नाही. कात्रीने दोरा आधी ताणला जातो आणि बरणी झुकते. पंखा बंद ठेवा. दोरा जळत असताना डोके पिंपावर आणू नका.

हिंदकळत्या पाण्याची पडणी: इथे पुढे-मागे हलवू नका. अशी लाट सोडण्याच्या क्षणी कुठे होती यावर निकाल अवलंबून राहतो: माथ्यावर असेल तर पाण्याचा वेग शून्य, मधे असेल तर सर्वांत जास्त. दर वेळी वेगळे उत्तर येते आणि मुले गोंधळतात. त्याऐवजी टांगलेली बरणी दोन्ही हातांनी उभी धरून लहान वर्तुळात फिरवा, म्हणजे पाणी भिंतीला धरून गोल फिरू लागेल. पाण्याची कड ३ सेमी वरच्या रेघेला टेकली की हात थांबवा, बरणी सरळ करा, हात काढा आणि मदतनिसाने लगेच दोरा जाळावा. फिरणाऱ्या लाटेत माथा कुठल्या बाजूला आहे याने फरक पडत नाही. दोरा तुटेपर्यंतच्या एक-दोन सेकंदांत लाट थोडी मंदावते, ते चालेल. नोंद मात्र व्हिडिओ पाहून करायची: सुटण्याच्या फ्रेमला पाणी किती उंच होते, तेच खरे.

चिलीतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशाच फिरत्या पाण्याच्या बाटल्या कठीण जमिनीवर टाकून दाखवले की त्या कमी उसळतात: भिंतीला धरून चढलेले पाणी आदळल्यावर खाली उतरते, मध्याशी एकत्र येते आणि कारंज्यासारखे वर उडते. तुमच्या व्हिडिओतही आतले असे मधले कारंजे दिसते का ते पाहा, म्हणूनच पाणी रंगीत केले आहे. पण त्यांची जमीन कठीण होती, तुमच्याकडे पाणी आहे, म्हणून त्यांचा निकाल आपला म्हणून लिहू नका.

गोठलेली बरणी: स्थिर पाण्यासारखीच सोडायची.

## ६. पडण्यांचा क्रम

स्थिर, हिंदकळती, गोठलेली, पुन्हा स्थिर, अशी फेरी लावा. आधी सगळ्या स्थिर आणि मग सगळ्या हिंदकळत्या असे केले तर दुपारपर्यंत बदललेला उजेड, उतरलेली पाण्याची पातळी आणि सरावलेला हात हे सगळे एकाच गटाच्या पदरात पडते. प्रत्येक प्रकाराच्या किमान पाच चांगल्या पडण्या हव्यात.

दोन पडण्यांच्या मधे: बरणी बाहेर काढून फडक्याने कोरडी पुसा (ओल्या अंगाने पाणी वेगळे उडते), तळ तडकला नाही ना पाहा, पिंपातले पाणी खुणेपर्यंत भरा, पिंपातल्या लाटा विरू द्या.

बाद कधी करायची: टेकण्याच्या फ्रेममध्ये बरणीची कड ओळंब्याशी ३ अंशांपेक्षा जास्त कललेली दिसली तर ती पडणी बाद. तळ सपाट न आदळता कडेने शिरला की धक्का बराच सौम्य होतो आणि तो फरक हिंदकळण्याच्या नावावर चढतो. बाद केलेल्या पडण्या वहीत कारणासकट लिहा. बाद ठरवायचे ते कल पाहून. वेगाचा आकडा काढल्यानंतर, तो आवडला नाही म्हणून, कधीच नाही.

## ७. व्हिडिओतून वेग काढणे

ट्रॅकर नावाचे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर चालते. ते नसेल तर फ्रेम एकेक पुढे सरकवून पडद्यावर पट्टीने मोजले तरी चालते. बरणीवरच्या ५ सेमीच्या रेघांवरून माप ठरवा.

आदळण्याआधीचा वेग: टेकण्याच्या आधीच्या ५ फ्रेममध्ये ठिपका किती सरकला ते घ्या. एक मीटरच्या पडणीला सुमारे ९ सेमी यायला हवेत, म्हणजे सेकंदाला ४.४ मीटरच्या जवळ.

आदळल्यानंतरचा वेग: टेकल्यानंतर पहिली फ्रेम सोडून पुढची दुसरी आणि तिसरी. त्यापुढे जाऊ नका. आतले पाणी तळापासून ३ सेमी वर असेल आणि कवच त्याच्यापेक्षा सेकंदाला सुमारे २.६ मीटरने हळू जात असेल, तर ते पाणी १२ मिलिसेकंदांच्या आसपास तळ गाठते. २४० च्या वेगाला हे तीन फ्रेमचे काम. तुम्ही दहा फ्रेमची सरासरी घेतली तर तोपर्यंत दुसरा हप्ता वसूल झालेला असतो आणि दोन्ही बरण्या सारख्याच दिसतात. ‘आम्हाला काहीच फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष बऱ्याचदा एवढ्यासाठीच येतो.

नंतरचा वेग भागिले आधीचा वेग, हे गुणोत्तर प्रत्येक पडणीसाठी लिहा. स्थिर आणि गोठलेली यांचे गुणोत्तर एकमेकांच्या जवळ यायला हवे. वरच्या हिशेबाने ०.८४ च्या आसपास. हिंदकळतीचे त्यापेक्षा कमी येण्याची अपेक्षा आहे, पण ०.४१ पर्यंत ते घसरणार नाही, कारण फिरत्या पाण्याचा काही भाग तळाशी राहतोच.

तपासणी: स्थिर आणि गोठलेली यांच्यातच मोठा फरक आला तर हिंदकळतीकडे वळूच नका. वजन, तळाचा आकार किंवा तुमचे ‘स्थिर’ पाणी, यांपैकी कशात तरी खोट आहे. तिसऱ्या आणि पाचव्या टप्प्यावर परत जा.

## ८. तक्त्यावर काय लिहायचे

सरासरीबरोबर प्रत्येक गटातला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा द्या. दोन गटांचे पट्टे एकमेकांत घुसत असतील तर फरक सिद्ध झाला नाही असे सरळ लिहा. परीक्षकाला आवडावे म्हणून फुगवलेल्या निष्कर्षापेक्षा हे शंभर पटीने चांगले आहे.

‘गगनयानचे कक्ष समुद्रात उतरतानाही असेच होते’ असे लिहू नका. २१ ऑक्टोबर २०२३ च्या चाचणीत तो कक्ष पॅराशूटला लटकत बंगालच्या उपसागरात उतरला. पॅराशूटखाली एकसारख्या वेगाने उतरणाऱ्या वस्तूत द्रवाला पूर्ण वजन असते. तुमच्या मोकळ्या पडणाऱ्या बरणीत ते नसते. शिवाय लहान बरणीत पृष्ठताणही आपला हात दाखवतो, मोठ्या टाकीत त्याला किंमत नसते.

वेळ उरला तर पुढची फेरी पाण्याच्या प्रमाणाची करा: २०० ग्रॅम, ६०० ग्रॅम, ८०० ग्रॅम. फार कमी पाण्यात उडायला वस्तुमान नाही, फार जास्त पाण्यात वर जायला जागा नाही, त्यामुळे सर्वांत मोठा फरक मधे कुठेतरी सापडायला हवा. मात्र प्रत्येक प्रमाणासाठी त्याच वजनाची नवी चायना ग्रासची बरणी लागेल. ती न बनवता घेतलेले आकडे तक्त्यावर लावू नका.